आश्रयदात्यांची यादी

मागायला मला कधीच जमलं नाही. शेजारून वाटीभर साखर आणायची झाली तरी मी दारात दहा मिनिटं घुटमळणार आणि शेवटी बिनसाखरेचा चहा पिणार. अशा बाईच्या हातात मोठ्या बाईंनी एक छापील कार्ड ठेवलं आणि म्हणाल्या, "वीस माणसं गाठा. आठवडा आहे."

मोठ्या बाई म्हणजे आमच्या गिरगावातल्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. विलायतेला जाऊन आलेल्या. पांढरी खादीची साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि डोक्यात सतत काहीतरी नवीन. नवीन त्यांच्या डोक्यात आणि राबणार आम्ही. कुठल्याशा लांबच्या देशात लढाई होऊन गेली होती आणि तिथली हजारो मुलं पोरकी झाली होती. त्यांच्यासाठी पैसे जमवायचे होते. पैसे जमवायचे तर डबे फिरवावेत, नाटक बसवावं, पण नाही. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की तिकडे लोक अशा कामासाठी चालतात. आपण चालायचं, आणि ओळखीच्यांनी मैलामागे अमुक इतके पैसे द्यायचे. जितके मैल चालू तितके पैसे. गिरगावातून निघायचं आणि भायखळा, लालबाग, परळ करत दादरला पोचायचं. सहा मैल.

पैसे देणाऱ्यांना त्यांनी नावही शोधून काढलं होतं. कार्डाच्या पहिल्या रकान्यात छापलं होतं, 'आश्रयदात्याचे नाव'. मी ते घरी नेऊन दाखवलं तर आमचे हे पोट धरून हसले. "दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं. आम्ही कुणाला आश्रय देणार? आम्हालाच कुणी दिला तर बघ." मग म्हणाले, "लष्कराच्या भाकऱ्या भाजायची तुला हौसच फार." मला मेलीला हौस कसली? नोकरी होती. सासूबाईंनी मात्र शांतपणे विचारलं, "अनवाणी चालणार का?" मी नाही म्हटलं. "मग पुण्य कसलं," त्या म्हणाल्या आणि वाती वळायला लागल्या.

कार्डाबरोबर एक पत्रक होतं. त्यावर फोटो होता. एका ओळीत उभी असलेली मुलं, प्रत्येकाच्या हातात पत्र्याचा मग, आणि सगळ्यांत पुढच्या मुलीच्या पायात दोन वेगवेगळे बूट. ती फोटोवाल्याकडे बघत नव्हती, मगात बघत होती. त्या मुलीचं मला खरंच वाईट वाटलं. नंतर जे झालं त्यामुळे लोक म्हणतील हिला त्या मुलांचं काही नव्हतं, म्हणून हे सांगून ठेवते.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. गोळीबाराला दोन वर्षं होऊन गेली होती. सभा चालू होत्या, प्रभातफेऱ्या चालू होत्या, भिंतींवर चुन्यानं लिहिलेलं पुसलं की पुन्हा लिहिलं जात होतं. चळवळ संपली नव्हती, पण माणसं दमली होती. वर्गणी मागायला कुणी जिना चढताना दिसलं की लोक आधी दार लोटत आणि मग कोण आहे ते बघत. फणसवाडीतल्या आमच्या चाळीत त्या एका महिन्यात चार वर्गण्या होऊन गेल्या होत्या. आता पाचवी मी.

वीस माणसं कुठून काढायची म्हणून मी बसले आणि फळीवर सासूबाईंची वही दिसली.

ही वही हळदीकुंकवाची. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीतरी एक दिवस आमच्याकडे हळदीकुंकू असायचं आणि आमंत्रणं दारोदार जाऊन तोंडी करायची रीत होती. कुणाचं नाव विसरलं तर वर्षभर बोलणी खावी लागत, म्हणून ही यादी. अक्षर माझं, क्रम सासूबाईंचा. जिन्याजवळच्या थोरल्या काकू पहिल्या, कारण चाळीत राहायला त्या सगळ्यांच्या आधी आल्या. मग मालकांच्या नात्यातल्या वहिनी. मग दुसरा मजला उलट्या टोकाकडून, कारण मधल्या खोलीतल्या बाईंना कोपऱ्यातल्या बाईंच्या नंतर बोलावलेलं खपायचं नाही. इतका विचार सरकार राज्यांच्या सीमा आखतानासुद्धा करत नसेल.

रथसप्तमी नुकतीच होऊन गेली होती, त्यामुळे वही वरच होती. मी ती उघडली आणि पहिल्यापासून नावं कार्डाच्या मागे पेन्सिलीनं उतरवून घेतली. क्रमही तोच ठेवला, म्हणजे फिरताना मानपान सांभाळला जाईल. मला वाटलं, चला, निम्मं काम झालं.

त्या यादीत एका नावावर रेघ होती. ते नाव मी अर्थातच उतरवलं नाही.

ते नाव माझ्या शेजारणीचं. शेजारीण म्हणते, पण ती माझी मैत्रीण. आमच्या दोघींच्या खोल्यांमध्ये एकच भिंत. तिचा पाटा वाजला की मला कळायचं आज चटणी आहे, माझ्या घरात भांडण झालं की तिला कळायचं आज मी जेवणार नाही. लग्न होऊन आम्ही सहा महिन्यांच्या अंतरानं चाळीत आलो. नळावर, जिन्यात, गच्चीवर पापड घालताना, जिथे मी तिथे ती. हळदीकुंकवाचं आमंत्रण करायला पाच वर्षं ती माझ्याबरोबर फिरली. मी दारात उभी राहून गप्प बसायची आणि बोलायची ती. "काकू, उद्या या हं, आणि उखाणा पाठ करून या, मागच्या वर्षीचा चालणार नाही."

तिचा नवरा छापखान्यात कंपोझिटर होता. अक्षरांचे खिळे जुळवून बोटांची टोकं काळी झालेला, शांत माणूस. मोर्च्याला गेलेलाही नव्हता. काम सुटल्यावर घरी येत होता. रस्त्यात पळापळ झाली, गोळीबार झाला, आणि तो घरी आला नाही. दोन मुली पाठीमागे, धाकटी तर पाळण्यात.

त्यानंतर काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सभांना तिला बोलवायचे. हुतात्म्याची पत्नी म्हणून व्यासपीठावर पहिल्या रांगेत बसवायचे, शाल द्यायचे, नारळ द्यायचे, हजार माणसं टाळ्या वाजवायची. ती मान खाली घालून बसायची आणि घरी आल्यावर शालीची घडी ट्रंकेत टाकायची. पुढच्याच संक्रांतीला सासूबाई मला म्हणाल्या, "तिच्या नावावर रेघ मार गं. मला मेलीला वाईट वाटतंय, पण रीत ती रीत." मी रेघ मारली. हळदीकुंकवाच्या दिवशी तिचं दार बंद होतं. मी संध्याकाळी गुपचूप तिळगूळ नेऊन दिला आणि तिनं घेतला. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. ती आता त्याच छापखान्यातून छापलेले कागद घरी आणायची आणि दिवसभर त्यांच्या घड्या घालायची.

असो. कार्ड घेऊन मी निघाले.

पहिल्याच दारात थोरल्या काकूंनी चष्मा लावून कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं. "म्हणजे तू चालणार, पैसे मी देणार आणि जेवणार ती तिसरीच पोरं. ही कुठली गं वाटणी?" मी समजावलं. त्या म्हणाल्या, "दादरला ट्राम जाते की." मी पुन्हा समजावलं. मैलामागे एक आणा लिहा, मी म्हटलं. आणा की नवे पैसे, त्या म्हणाल्या. आण्याचे सहा होतात की सव्वासहा, आणि तो पाव कोण देणार. शेवटी त्यांनी सही केली, पण हनुवटीनं माझ्या शेजारच्या दाराकडे खूण करून म्हणाल्या, "चालायचंच होतं तर त्या दोन पोरींसाठी चालायचं. त्या काय लढाईत पोरक्या नाही झाल्या?"

दुसऱ्या दारात तेच, तिसऱ्यातही तेच. मालकांच्या वहिनींनी पैसे लिहिले आणि उसासा टाकून म्हणाल्या, "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. आपल्या चाळीतली पोरं उघडी, आणि आपण परदेशी पांघरूण घालणार." सगळ्यांनी हाच मुद्दा काढला. काहींनी तो काढून पैसे दिले, काहींनी तो काढून दार लावलं. त्या पोरींचा सगळ्यांनाच एकदम कळवळा आला होता. हे सगळं गॅलरीत, मोकळ्या आवाजात. आणि मी जिना चढून आमच्या मजल्यावर आले की माझ्या मैत्रिणीचं दार उघडं असायचं. आत ती घड्या घालत बसलेली दिसायची. मी मान खाली घालून पुढच्या दाराकडे जायची.

का नाही थांबले? खरं सांगायचं तर थांबायचं माझ्या मनातच आलं नाही. यादीत नव्हती, म्हणून गेले नाही. आणि चौथ्या दिवशी मनात आलं तेव्हा वाटलं, छे, तिच्याकडे कुठे मागायचं? जिच्या नावानं सगळे मला टोमणे मारतात तिच्याच पुढे कार्ड धरायचं? जिला द्यायला पाहिजे तिच्याकडे हात पसरायचा? मला ते फार शहाणपणाचं वाटलं. दया करताना माणसाला स्वतःचं फार बरं वाटतं, तसं.

कार्डाची सात नावं चाळीत भरली नाहीत, म्हणून एका दुपारी लालबागला माझ्या भावाकडे गेले. भाऊ गिरणीत. माहेरची बोली त्यानं सोडली नाही, गिरणीतले निम्मे मालवणचेच. त्याच्या खोलीत पाळी बदलून आलेले चार-पाच जण बसले होते. "काय गो, खंय चल्लंस?" त्यानं विचारलं. मी कार्ड काढलं. तो हसला नाही, याचंच मला नवल वाटलं. म्हणाला, "सा मैल? तुझे पाय बघ आधी." मग पत्रकावरचा फोटो हातोहात फिरला. एकानं त्या मुलीचे बूट बघितले आणि काही न बोलता कार्ड ओढून घेतलं. पाच नावं तिथे झाली. त्यांतल्या दोघांनी सही म्हणून अंगठा उठवला, शाईसाठी शेजारच्या दुकानातून पॅड आणलं. एकानंही विचारलं नाही की ही पोरं आपली का परकी. परत येताना मी ट्राममध्ये बसून रडले. दमल्यामुळे असेल.

उरलेली दोन नावं शाळेच्या शिपायाची आणि आमच्या दूधवाल्याची. कार्ड भरलं.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. बारा शिक्षिका, वरच्या वर्गातल्या पंचवीसेक मुली, आणि पुढे मोठ्या बाई घड्याळ बघत. कापडी फलक दोन मुलींनी धरला होता. आता त्या काळात मुंबईत चार माणसं फलक घेऊन चालायला लागली की लोकांना एकच गोष्ट सुचायची. भायखळा येण्याच्या आत आमच्यामागे चाळीस-पन्नास माणसं जमली आणि घोषणा सुरू झाल्या. फलक कुणी वाचलाच नव्हता. मोठ्या बाई मागे वळून सांगायच्या, अहो, हा मोर्चा नाही. लोक म्हणायचे, असू द्या बाई, आम्ही आहोत. मग पोलीस आला. परवानगीचा कागद बघितला, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "एवढं चालून काय मिळणार?" मोठ्या बाईंनी समजावलं. तो म्हणाला, "म्हणजे पैसे चालल्याचे?" आणि स्वतःच्या बुटांकडे बघत बाजूला झाला.

ऊन चढलं. माझी चप्पल जुनी, अंगठ्याजवळ घासणारी. लालबागला पोचेपर्यंत फोड आला होता आणि परळला तो फुटला. एक-दोन मुली ट्राममध्ये बसून परत गेल्या. मलाही बसावंसं वाटत होतं, फार वाटत होतं. पण प्रत्येक मैल कुणाच्या तरी सहीचा होता, तो सोडून घरी काय सांगणार? पाय ओढत चालत राहिले. त्या मुलीचा फोटो, तिचा मग, यातलं काही तेव्हा मनात नव्हतं. मनात एवढंच होतं की दादर केव्हा येतं. दादरला लिंबाचं सरबत मिळालं आणि मोठ्या बाईंनी प्रत्येकीशी हात मिळवला. मला म्हणाल्या, "तुमचं कार्ड सगळ्यांत आधी भरलं." मी मान डोलावली.

घरी आले, परातीत कोमट पाण्यात पाय घालून बसले. चाळीतल्या बायका येऊन बघून गेल्या. खरंच चाललीस की काय, म्हणाल्या. ज्यांनी दार लावलं होतं त्यांनीही चौकशी केली. एक ती आली नाही. मधली भिंत आहे, पाण्याचा आवाजसुद्धा पलीकडे जातो. ती घरात होती.

दुसऱ्या दिवशी नळावर मी तिच्याशेजारी घागर लावली. तिनं आपली भरलेली कळशी उचलली आणि गेली. भांडली असती तर बरं झालं असतं, तिचं भांडणही मजेचं असायचं. पण बोललीच नाही. गहू निवडायला संध्याकाळी आम्ही दोघी गॅलरीत बसायचो; ती आत बसायला लागली. मुली माझ्याकडे यायच्या थांबल्या. आठ दिवस असे गेले. माझं तिच्याशिवाय चाळीत कोण होतं? सासूबाई सासूबाईंच्या जागी, हे ऑफिसात. मनातलं बोलायला तीच एक, आणि तिनंच पाठ फिरवली.

यांना सांगितलं तर म्हणाले, "वाईट वाटणारच तिला. चाळ आठवडाभर काय बोलत होती? तिच्या पोरी सोडून तू दुसऱ्यांच्या पोरांसाठी चाललीस. ज्याचं जळतं त्यालाच कळतं." मला ते पटलं. मलाही तेच वाटत होतं. सासूबाईंनाही पटलं. त्या म्हणाल्या, "मग आता तिच्यासाठी कर ना काहीतरी. फिरायची सवय झालीच आहे."

म्हणून मी पुन्हा फिरले. फोड बरा व्हायचा होता, टाच टेकत नव्हती. फुलस्केप कागद घेतला, वर लिहिलं, 'दोन मुलींच्या शिक्षणासाठी दरमहा', आणि पुन्हा पहिल्या दारापासून सुरुवात केली. या वेळी कुणी कुरकुरलं नाही. थोरल्या काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. मालकांच्या वहिनी म्हणाल्या, "हे बघ, आता कशी शहाण्यासारखी वागलीस." दोन संध्याकाळी झाल्या आणि कागद भरला. लालबागला भावाकडेही जायचं होतं, पण तेवढं त्राण नव्हतं. तरी मला वाटलं, इतकं मन लावून मी कधी कुणासाठी काही केलं नाही.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आधी तिच्या दारात गेले. ती चुलीपुढे भाकऱ्या करत होती. मुली कोपऱ्यात पाटीवर काहीतरी गिरवत होत्या. एका बाजूला छापलेल्या कागदांचा गठ्ठा, दुसऱ्या बाजूला घड्या घातलेल्यांचा. मी उंबऱ्यावर उभी राहून कागद पुढे केला आणि म्हटलं, "रागावलीस ना माझ्यावर? कळलं मला. हे बघ, तुझ्या मुलींसाठी. सगळ्यांनी आनंदानं दिलंय."

तिनं हात पदराला पुसले, कागद घेतला आणि उजेडाकडे धरून वाचला. वरून खाली, एकेक नाव. मला वाटलं ती रडेल. मी तयारीत होते.

"ही संक्रांतीची यादी ना?" ती म्हणाली.

मी वाकून कागदाकडे बघितलं.

"आधी जिन्याजवळच्या काकू. मग मालकांच्या वहिनी. मग वरचा मजला त्या टोकाकडून." तिनं कागदावरून बोट खाली नेलं. "पाच वर्षं फिरले आहे तुझ्याबरोबर. डोळे मिटून म्हणेन. त्या कार्डाच्या वेळीही हाच क्रम. मी आत बसून ऐकत होते, आता हिच्याकडे जाईल, आता तिच्याकडे. माझं दार मधे येत होतं आणि तू ओलांडून जात होतीस."

"अगं, तुझ्याकडे कसं मागायचं? तुझीच ओढाताण. आणि जो तो तुझ्या मुलींचं बोलत होता, मला वाटलं, तुला वाईट वाटेल की दुसऱ्यांच्या पोरांसाठी—"

"रेघ कुणी मारली?"

"सासूबाई म्हणाल्या म्हणून..."

"कुणी मारली ते विचारतेय."

"मी," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. रागानं नाही. मला वाटतं तीही फार दमली होती. "संक्रांतीचं मी सोडून दिलं," ती म्हणाली. "रीत आहे, तुझ्या हातात नव्हतं. पण त्या पोरांसाठी मागायला निघालीस तेव्हा कुठली रीत आडवी आली गं? दूधवाल्याकडे मागितलंस. शाळेच्या शिपायाकडे मागितलंस. चार दिवस मी दार उघडं ठेवून बसले होते. मैलामागे दोन पैसे तर दोन पैसे, ठरवून ठेवले होते मी. हिला म्हटलं होतं," तिनं थोरल्या मुलीकडे बघितलं, "मावशी येईल, तेव्हा सही तू कर, तुला आता नाव लिहिता येतं. लढाईत बाप जातो म्हणजे काय, ते या चाळीत मला सोडून कुणाला माहीत आहे?"

थोरली पाटीवरून वर बघत नव्हती.

"गोळी लागल्यापासून सगळे मला देतातच," ती म्हणाली. "शाल देतात, नारळ देतात, आता हा कागद. माझ्याकडे कुणी काही मागत नाही. तूसुद्धा नाहीस. नवरा गेला माझा. हात आहेत अजून."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. तिनं कागद माझ्या हातात परत दिला. मला सुचलं ते मूर्खासारखं. मी म्हटलं, "आता लिहू का तुझं नाव?"

"कार्ड दिलंस ना शाळेत?"

"दिलं. पैसेही गोळा होऊन तिकडे गेले."

"मग आता कुठे लिहिशील?" ती म्हणाली आणि भाकरी उलटायला वळली.